पाटणची मेंढी
पाटण म्हटले की आपल्याला रेशमी पटोळे आठवते. पण त्याच गावाचे नाव एका मेंढीलाही आहे, पाटणवाडी! दमाजी गायकवाडांनी अठराव्या शतकात राजधानी पाटणला नेली. पुढे ती बडोद्याला आली, तरी १९४९ पर्यंत पाटण बडोदे संस्थानातच होते. म्हणजे ही मेंढी मराठी दरबाराची रयत. (राखली मात्र रबारी-भरवाडांनी.)

तिची लोकर जाडसर, गालिच्याला लागते तशी. स्वातंत्र्यानंतर तलम लोकरीसाठी तिचा मेरिनो, रॅम्बुले यांच्याशी संकर झाला. धाग्याच्या जाडीत केराटिन प्रथिनांच्या जनुकांतील बारीक फरकांचाही वाटा असतो, असे आता शास्त्रज्ञ सांगतात. ते फरक संकरात पुसले गेले तर पुन्हा आणणार कोठून? मला तर जाड धागा दोष वाटतच नाही. गालिचा पायाखाली असतो. मऊ मेरिनो तेथे चेपून जाते. घाटावरच्या धनगराचे घोंगडे टोचते म्हणून आपण कधी टाकले काय?