मुस्लिम सत्यशोधक मंडळ

मुस्लिम समाजसुधारणेसाठी झटणारी संघटना. हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात स्थापन केली. नावात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा वारसा उघड दिसतो.

पायाभरणी मात्र आधीची. १८ एप्रिल १९६६ रोजी दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. सातच जणी, पण त्या काळी एवढे धाडसही थोडे नव्हते. पुढे मेहरुन्निसा दलवाईंनी पतीचे काम चालू ठेवले.

धाराशिवपासून मुंबईपर्यंत मुस्लिम स्त्रीचा हा प्रश्न एकच. एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवला, २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. बहुपत्नीत्वाला व्यक्तिगत कायद्यात अजूनही मुभा आहे.