अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती स्त्रियांचे सेवाकार्य : बायबल स्त्री ते महिला मंडळ

अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रोटेस्टंट महिला मंडळांचा विचार केवळ संघटना म्हणून केला, तर त्यांचा इतिहास अलीकडचा ठरतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांचे एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि या चर्चमधील स्त्रियांची संघटना 'विमेन्स फेलोशिप फॉर ख्रिश्चन सर्व्हिस' या नावाने उभी राहिली. परंतु सेवा आणि सहभागिता यांची रीत या जिल्ह्यात त्यापूर्वी शंभर वर्षांहून अधिक काळ रुजलेली होती. प्रस्तुत लेखात या पूर्वेतिहासाचा, विशेषतः त्यातील अनामिक स्त्रियांचा, विचार करावयाचा आहे.

अमेरिकन मराठी मिशनने डिसेंबर १८३१ मध्ये अहमदनगर येथे ठाणे उघडले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईस आल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या. त्यांच्या शाळा पाहून आपणांस मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, असे जोतीराव फुले यांनी सांगितल्याची नोंद १८५३ च्या 'ज्ञानोदया'त आहे. एवढ्यापुरते फरारबाईंचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात आले. त्यांच्या शाळांतून लिहावाचावयास शिकलेल्या ख्रिस्ती मुलींचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही.

त्यांपैकी काही शिक्षिका झाल्या, काही बायबल स्त्रिया. बायबल स्त्री ही मिशनची पगारी सेविका. ती घरोघर जाई, पवित्र शास्त्र वाचून दाखवी, भजने शिकवी, आजाऱ्याची विचारपूस करी, आणि जेथे पुरुष उपदेशकास ओटीपलीकडे प्रवेश नव्हता तेथे माजघरात बसून स्त्रियांना अक्षरओळख करून देई. बोस्टन येथे १८६८ मध्ये स्थापन झालेले विमेन्स बोर्ड ऑफ मिशन्स अमेरिकन स्त्रियांच्या लहानसहान वर्गण्यांतून अशा कामास पैसा पुरवी. कामाचे वृत्तान्त त्याच्या 'लाइफ अँड लाइट' या मासिकात छापले जात. या वृत्तान्तांत लिहिणाऱ्या मिशनरी बाईंचे नाव असते; ज्या बाईने उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घातल्या ती बहुधा 'आमची बायबल स्त्री' एवढीच असते. उत्पन्नाचे साधन आणि परावलंबन या दोन्ही गोष्टी त्या एका पदात एकत्र नांदत होत्या, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

या मौनाला ठळक अपवाद लक्ष्मीबाई टिळकांचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला; लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. त्या काळात आणि पुढेही त्यांचे वास्तव्य नगर व राहुरी परिसरात होते. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंच्या 'स्मृतिचित्रे'तून (१९३४–३६) ख्रिस्ती समाजातील स्त्रियांचे घर, पोरकी मुले, आजारपणे, भांडणे, एकमेकींचा आधार हे सारे प्रथमच आतून दिसले. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. लक्ष्मीबाई ब्राह्मण घरातून आल्या होत्या. जिल्ह्यातील ग्रामीण मंडळ्यांचा मोठा भाग महार व मांग समाजातून, त्यातही दुष्काळांच्या वर्षांनंतर, उभा राहिला. त्या घरांतील स्त्रियांची 'स्मृतिचित्रे' आपल्या हाती नाहीत. एकीच्या लेखनावरून साऱ्यांचा इतिहास गृहीत धरण्याची सवय अभ्यासकांनी (त्यात मीही आले) सोडावयास हवी.

१९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया स्थापन झाले, तर १९२७ मध्ये बोस्टनचे विमेन्स बोर्ड अमेरिकन बोर्डात विलीन झाले. कारभार क्रमाक्रमाने येथील मंडळ्यांकडे आला. बदल केवळ प्रशासकीय नव्हता. पगारी सेविकेच्या जागी वर्गणी भरणारी सभासद आली. तिला वेतन नव्हते, पण सभेत मत होते. आजाऱ्याच्या घरी जावयाचे ते कोणाच्या हुकमावरून नव्हे, तर आपल्या मंडळाच्या ठरावावरून. उलट, शिकलेल्या गरीब विधवेस मिळणारा बायबल स्त्रीचा अल्प पण हक्काचा पगार हे स्वयंसेवी मंडळ देऊ शकत नव्हते.

मिशनचे वृत्तान्त परदेशी ग्रंथालयांत जतन झाले आहेत. महिला मंडळाचा इतिहास मात्र इतिवृत्ताच्या वह्या, हजेरीपट आणि वर्गणीच्या पावत्या यांतून लिहावा लागेल, आणि असे कागद बहुधा त्या त्या वर्षीच्या चिटणीसबाईंच्या घरी राहतात. घर बदलताना रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची यादी करणे हे जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज जमण्यासारखे काम आहे. त्या वह्यांत सभासदांची नावे स्वतःच्या नावानिशी लिहिलेली असतात.