काचेच्या वाडग्यातलं कासव

कासव आपल्या मराठी मुलखात फार जुनं आहे. देवळात शिरलं की गाभाऱ्यासमोरच्या फरशीत ते दगडात कोरलेलं दिसतं. दशावतारांत त्याचा क्रम दुसरा. संतांनी तर त्याला आईचं रूप दिलं. कासवी पिलांना दूध पाजत नाही, घास भरवत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते, हा दृष्टांत आपल्या संतवाङ्मयात पुन्हा पुन्हा येतो. प्राणिशास्त्राचं म्हणणं वेगळं आहे. मादी जमिनीत खड्डा करते, अंडी घालते, माती ओढते आणि निघून जाते. पिलं तिच्या नजरेला पडतही नाहीत. पण दृष्टांत सुंदर आहे, आणि आम्हा कवींना त्याचं खरं-खोटं करण्याचा अधिकार नाही.

मुश्कील अशी, की हाच दृष्टांत आज दुकानात विकायला ठेवलेला आहे. आमच्या इंदिरानगरात बंगल्यांच्या जागी फ्लॅट आले आणि फ्लॅटबरोबर पेट शॉपही आली. माशांच्या टाक्यांशेजारी एका ट्रेमध्ये पाच रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी हिरवी पिलं एकमेकांच्या पाठीवर चढत असतात. डोळ्यांमागे लाल पट्टा. सोबत ‘सेट’ मिळतो : प्लॅस्टिकचा वाडगा, मधोमध छोटं बेट, बेटावर प्लॅस्टिकचं नारळाचं झाड आणि दाण्यांची एक डबी. दुकानदार तीन वाक्यं सांगतो. ‘याला काही लागत नाही. दिवसातून चार दाणे टाका. आणि हे एवढंच राहतं, वाढत नाही.’ घरात लक्ष्मी येते, हे चौथं वाक्य गिऱ्हाईक बघून.

तिन्ही वाक्यं खोटी आहेत. पण ती या दुकानदारानं रचलेली नाहीत. त्याला ती ठोक व्यापाऱ्यानं सांगितली, त्याला आणखी कुणी. हा माग काढत गेलं तर आपण थेट अमेरिकेत पोचतो.

हे कासव मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. इंग्रजीत त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात, आपण लाल कानाचं म्हणू. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत पाच-दहा सेंटांच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांतून त्याची पिलं खेळण्यासारखी विकली जात. ते बेट आणि ते प्लॅस्टिकचं झाड तिथलंच. पिलांच्या पाठीवर रंगीत चित्रंही काढत. पाठ म्हणजे टोपी नव्हे, ते वाढतं हाड आहे. रंगाच्या थराखाली ती वाकडी वाढते. बहुतेक पिलं काही महिन्यांत मरत आणि लोक दुसरं आणत. लुइझियाना राज्यात त्यांची शेती होऊ लागली ती या मरणाच्या जोरावर. माल टिकत नव्हता, म्हणूनच धंदा टिकत होता.

हा धंदा अडला तो कासवांच्या दयेनं नव्हे, मुलांच्या पोटदुखीनं. कासवाच्या अंगावर आणि त्याच्या पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असतात. कासव स्वतः धडधाकट दिसतं. पण ते हाताळून तोच हात तोंडात घालणाऱ्या मुलाला ताप, जुलाब होतात, तान्ह्या बाळाच्या जिवावरही बेतू शकतं. अखेर १९७५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. चारच इंच का? तर त्याहून लहान कासव मूल सरळ तोंडात घालू शकतं! या एका नियमानं दर वर्षी सुमारे एक लाख मुलांचं आजारपण टळलं, असा तिथला अंदाज आहे.

पण नियमात एक खिडकी उघडी ठेवली होती. निर्यातीला बंदी नव्हती. आपल्या मुलांना जे धोक्याचं, ते जहाजानं आणि विमानानं दुसऱ्यांच्या मुलांकडे पाठवायला हरकत नव्हती. त्यातच १९८७ पासून टीव्हीवर निन्जा कासवांची कार्टून मालिका सुरू झाली, १९९० मध्ये चित्रपट आला आणि जगभरच्या मुलांनी आईबापांकडे कासवाचा हट्ट धरला. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून पाच कोटींहून अधिक लाल कानाची कासवं बाहेर गेली. १९९७ मध्ये युरोपीय महासंघानं आयात बंद केली. आशियातल्या बाजारांत मात्र माल वाहतच राहिला. आपल्याकडे तो कसा येतो हे चेन्नई विमानतळावरच्या जप्त्यांवरून कळतं : आग्नेय आशियातून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत हजारो पिलं सापडली आहेत. हे कासव परदेशी, त्यामुळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत ते नव्हतं. देशी कासव विकणं गुन्हा, म्हणून दुकानात हे परदेशी आलं.

पन्नास वर्षांपूर्वी एका देशानं मोडीत काढलेला सेट आज नाशिकमध्ये ‘नवीन आहे, घेऊन जा’ म्हणून मिळतो. त्यात काय नाही ते पाहा. या कासवाची मादी पंचवीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी, आणि वीस-तीस वर्षं सहज जगते. तिला वाडगा नव्हे, काहीशे लिटरची टाकी लागते. पाणी गाळणारा फिल्टर लागतो, कारण ते जिथं खातं तिथंच घाण करतं. पाण्याबाहेर येऊन अंग पूर्ण सुकवायला कोरडी जागा आणि ऊन लागतं. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि तेव्हाच खाल्लेलं कॅल्शियम हाडाला लागतं. वाडगा बंद काचेच्या खिडकीत ठेवून भागत नाही. काच उजेड आत सोडते, ते किरण अडवते. मग पाठ मऊ पडते, बोटानं दाबली जाते. नुसत्या दाण्यांवर ठेवलं आणि अ जीवनसत्त्व कमी पडलं की डोळे सुजून मिटतात. डोळे मिटले की त्याला अन्न दिसत नाही, आणि घरातले म्हणतात, ‘झोपलंय.’ कुत्रं उपाशी असलं तर ओरडतं. कासव महिनोन्‌महिने गुपचूप मरत राहतं. ‘एवढंच राहतं’ हे त्या अर्थानं खरं ठरतं.

आपल्या तारा कासवाची गोष्ट याहून वाईट. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं हे जमिनीवरचं, गवत-पाला खाणारं कासव. ते पकडणं, विकणं, घरात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही पूर्ण बंदी आहे. तरी वास्तूच्या नावाखाली ते काउंटरच्या खालून मिळतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आंध्र-कर्नाटक सीमेवरच्या एकाच भागातून वर्षात किमान पंचावन्न हजार तारा कासवं उचलली गेल्याचं आढळलं. विकणारा ‘कासव’ एवढंच सांगतो, घेणारा त्याला पाण्यात सोडतो. ज्याला पोहता येत नाही त्याला!

लाल कानाचं जे थोडं जगतं, ते मोठं होतं, पाण्याला वास येतो, आणि मग घरात भूतदया जागी होते. ‘गंगेवर सोडून येऊ.’ नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी. पुण्य लागेल, असंही वाटतं. हे सोडलेलं कासव कणखर असतं. मासे, बेडकांची पिलं, वनस्पती, सारं खातं आणि उन्हाची जागा बळकावतं. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. २०१८ मध्ये ते केरळात थ्रिशूरच्या कालव्यात आणि गुवाहाटीत उग्रतारा मंदिराच्या तळ्यात सापडलं. देवळाच्या तळ्यात ते कसं पोचलं असेल, हे सांगायला नकोच.

आणि गोदावरीचं स्वतःचं कासव आहे. मऊ पाठीचं, लीथच्या नावानं ओळखलं जाणारं, फक्त दख्खनच्या नद्यांत राहणारं. १८७२ मध्ये शास्त्रानं त्याची नोंद केली ती पुण्याच्या नमुन्यावरून. आज ते अतिसंकटग्रस्त गणलं जातं. २०२२ मध्ये भारताच्याच प्रस्तावावरून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. वाळूउपसा, बंधारे, मैला हे सगळं सोसून ते राहिलं आहे. त्याच्या घरात आपण हा पाहुणा सोडतो.

२०१८ च्या केंद्राच्या नियमांनुसार पेट शॉपला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती पाटी भिंतीवर आहे का, हे विचारायला पैसे पडत नाहीत. ‘हे किती मोठं होतं, किती वर्षं जगतं, ऊन कुठून द्यायचं?’ हे तीन प्रश्न विचारून पाहा. उत्तर आलं नाही तर प्राणी तिथंच राहू द्या, मूल रडलं तरी. ज्यांच्या घरी ते आधीच आहे त्यांनी वाडगा फेकून मोठा टब आणावा. सकाळचं कोवळं ऊन काचेआडून नको, थेट द्यावं, पण सावलीची जागाही ठेवावी. हात साबणानं धुवावेत आणि त्याचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नये. सांभाळणं जमत नसेल तर नदीवर जाऊ नये. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.