चाल कोणी ठरवायची?



आजचा विषय फुटबॉलचा आहे. परंतु आपल्याकडे पावसाळ्यात चिखलात जो खेळला जातो त्या फुटबॉलचा नव्हे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा. त्यात चेंडू लांबट असतो, पायापेक्षा हातातच अधिक असतो, आणि खेळाडू शिरस्त्राण व खांद्यावर गाद्या बांधून एकमेकांवर धडकतात. कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने हा विषय का निवडावा, असे आपणांस वाटेल. कारण एवढेच की, त्या खेळाचे प्रेक्षक आठवडाभर ज्या प्रश्नावर भांडतात, तोच प्रश्न मी कारखान्यांच्या दारांत रोज ऐकत आलो आहे. काम करणारा एक, आणि ते कसे करावे हे सांगणारा दुसरा. मग चुकले तर जाब कोणाला विचारायचा?

प्रथम खेळाची रचना ध्यानात घेऊ. प्रत्येक बाजूचे 11 गडी. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाने चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकावयाचे. न जमल्यास चेंडू दुसऱ्याकडे जातो. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, गडी रिंगण करून उभे राहतात, आणि पुढची चाल काय हे त्यांना सांगितले जाते. ती सांगणारा आणि चेंडू हाती घेऊन तडीस नेणारा मुख्य गडी म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू घेऊन पळायचे की लांब फेकायचा, डावीकडून की उजवीकडून, हे सारे आधी ठरलेले असते.

या रचनेचा पाया घातला वॉल्टर कँप या गृहस्थाने. चेंडू ठरावीक रेषेवरून, एका संघाच्या निर्वेध ताब्यात देऊन खेळ सुरू करण्याचा नियम 1880 सालचा, आणि मोजक्या प्रयत्नांत मोजके अंतर काटण्याचा नियम 1882 सालचा. हे कँपसाहेब पुढे न्यू हेवन येथील घड्याळाच्या कंपनीत कामाला लागले आणि तिचे अध्यक्ष झाले. ज्या काळात फ्रेडरिक टेलर पोलादाच्या कारखान्यात कामगाराच्या कामाचे तुकडे पाडून घड्याळ लावून ते मोजू लागला, त्याच काळात हा खेळही तुकड्यातुकड्यांचा झाला. पुढे टेलरने शिकविले की विचार करणे हे कचेरीचे काम आणि हात चालविणे हे कामगाराचे. खेळातही तोच प्रश्न उभा राहावयाचा होता.

तीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो अवघी 11 मिनिटे, असा हिशेब करून पाहिलेला आहे. उरलेला वेळ पुढची चाल ठरविण्याचा. मैदानातले गडी ती ठरवितात त्या वेळी बाकांवरचे हजारो लोकही आपापल्या मनाशी ती ठरवीत असतात. शिवाय सामना साधारणपणे आठवड्याला एकच. म्हणजे वादाला सहा दिवस मोकळे! रविवारचा सामना संपल्यावर सोमवारी सकाळी शहाणपण सुचणाऱ्या माणसाला तिकडे 'सोमवार सकाळचा क्वार्टरबॅक' म्हणतात. हा शब्द 1930 नंतरच्या दशकात रूढ झाला, आणि आता तो खेळाबाहेर राजकारणात व व्यापारातही चालतो.

या वादाचा खरा इतिहास पाहावयाचा तर विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या गावी जावे लागेल. न्यूयॉर्क, शिकागो अशा महानगरांच्या संघांच्या पंक्तीला हे एक लहानसे, कागदाच्या गिरण्यांचे गाव बसलेले आहे. 1919 साली तेथील इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत कर्ली लँबो नावाचा तरुण कारकून होता. त्याने कंपनीकडून गणवेशापुरते पैसे मिळविले आणि जॉर्ज कॅल्हून या पत्रकाराच्या साहाय्याने संघ उभा केला. डबे भरणाऱ्यांचा संघ म्हणून नाव पडले पॅकर्स. पहिल्या वर्षी मैदानाला कुंपण नव्हते की तिकीट नव्हते; कॅल्हून प्रेक्षकांत टोपी फिरवून पैसे गोळा करी.

टोपीवर संघ चालत नाही. कर्ज झाले. तेव्हा 1923 साली गावकऱ्यांनीच मंडळी स्थापन केली आणि 5 डॉलरला एक याप्रमाणे 1000 भाग विकले. अट अशी की भागधारकाला नफा मिळावयाचा नाही. पुढे एका जखमी प्रेक्षकाने केलेल्या दाव्यातून दिवाळे निघण्याची पाळी आली, तेव्हा 1935 साली लोकांनी पुन्हा पैसे घातले. 1950 साली तिसऱ्यांदा भाग विकले गेले, 25 डॉलरला एक. त्या वेळी एका शेतकरी बाईने पाव डॉलरच्या सुट्या नाण्यांत 25 डॉलर आणून दिले, अशी आठवण तेथे सांगतात. शंभर नाणी! त्यानंतर 1997, 2011 आणि 2021 सालीही विक्री झाली. आज पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत आणि एकालाही लाभांश मिळत नाही. त्या व्यावसायिक संघटनेतील, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगमधील, दुसऱ्या कोणत्याही संघाला अशी मालकी आता नियमाने बंद आहे.

1956 साली प्रश्न आला नव्या क्रीडांगणाचा. जुने मैदान अपुरे होते आणि संघ गावाबाहेर जाईल अशी भीती होती. गावाने मतदान घेतले. शिकागोच्या संघाचा मालक जॉर्ज हॅलस, म्हणजे मैदानावरचा हाडवैरी, स्वतः ग्रीन बेला आला आणि क्रीडांगणाच्या बाजूने बोलला. लोकांनी दुपटीहून अधिक मतांनी कौल दिला, आणि 1957 साली क्रीडांगण उघडले.

येथपर्यंतची कथा ऐकून आपल्यासारख्या सहकाराच्या मुलखातील माणसांची छाती भरून येईल. पण याच काळात मैदानावर काय चालले होते? संघ हरत होता. कारभारी मंडळात व्यापारी होते, वकील होते, गावातले प्रतिष्ठित होते, आणि सारे फुटबॉलचे शौकीन. ते प्रशिक्षकाला बोलावून घेत आणि मागच्या सामन्यातील एकेका चालीचा जाब विचारीत. हा गडी का काढलास? तेथे चेंडू का फेकलास? चहाच्या टेबलावरचा वाद असा थेट कारभारात शिरला. 1958 साली संघाने 12 सामन्यांपैकी एक जिंकला, एक बरोबरीत सोडविला आणि 10 गमावले. संघाच्या इतिहासात याहून वाईट हंगाम नाही.

1959 साली व्हिन्स लोंबार्डी आला. प्रशिक्षक आणि व्यवस्थापक ही दोन्ही पदे आपल्याकडे हवीत आणि संघाच्या कामात मंडळाने ढवळाढवळ करू नये, ही त्याची अट. मंडळाने ती मानली. पहिल्याच वर्षी सात विजय आणि पाच पराभव. पुढे 1961 ते 1967 या सात वर्षांत पाच अजिंक्यपदे.

आता येथे एखादा मालक मिशीला पीळ देऊन म्हणेल, "पाहा, लोकांच्या हाती कारभार दिला की खेळखंडोबा होतो; एकाच माणसाचा हुकूम हवा." मला हा निष्कर्ष मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे लोंबार्डीच्याच सर्वांत गाजलेल्या सामन्यावरून सांगता येते.

31 डिसेंबर 1967. ग्रीन बे येथे डॅलसच्या संघाशी अजिंक्यपदाचा सामना. थंडी शून्याखाली सुमारे 25 अंश सेल्सिअस. पंचांच्या शिट्ट्या गोठून निकामी झालेल्या. जमीन उबदार राहावी म्हणून मैदानाखाली घातलेल्या विजेच्या तारांनीही दगा दिलेला. पन्नास हजार माणसे त्या गारठ्यात बसून होती. डॅलस 17, ग्रीन बे 14. उरले 16 सेकंद, आणि रेषा दोन फुटांवर. त्याआधीच्या दोन प्रयत्नांत चेंडू घेऊन धावणारा गडी बर्फासारख्या जमिनीवर घसरला होता. चेंडूला लाथ मारून तीन गुण घेतले असते तर बरोबरी झाली असती. धावून जाण्यात अपयश आले असते तर पुढचा प्रयत्न करावयास बहुधा वेळच उरला नसता.

क्वार्टरबॅक बार्ट स्टार खेळ थांबवून कडेला गेला. धावणाऱ्यांचे पाय घसरताहेत, तेव्हा चेंडू दुसऱ्याच्या हाती न देता मी स्वतःच घुसतो, असे त्याने सुचविले. ज्याच्या करड्या शिस्तीने सारा संघ थरथरत असे, त्या लोंबार्डीने होकार दिला. स्टार घुसला, आणि सामना 21-17 असा जिंकला.

यात घेण्याजोगे काय आहे? आठवडाभर अभ्यास करून चालींचा साठा तयार केला होता लोंबार्डीने. पण त्यातली कोणती चाल केव्हा वापरावयाची हे मैदानात स्टारच ठरवी. ती त्या काळची पद्धतच होती. जमीन किती निसरडी आहे हे स्टारच्या पायांना कळत होते, कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला नव्हे. एकाच माणसाचा हुकूम हवा म्हणणाऱ्यांच्या या देवाने शेवटची चाल प्रत्यक्ष काम करणाराच्या शब्दावर सोडली, हे कोणी विसरू नये.

दुर्दैवाने खेळाचा ओघ उलट दिशेने गेला. पूर्वी कडेवरून सूचना देणे नियमबाह्य होते. 1944 साली लीगने त्यास मुभा दिली. क्लीव्हलँडचा प्रशिक्षक पॉल ब्राउन प्रत्येक चालीसाठी निरोप्या गडी आत पाठवू लागला. 1956 साली तर त्याने क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ बसविला! लीगच्या आयुक्तांनी त्यावर लगेच बंदी घातली. पण 1994 साली तोच रेडिओ नियमाने आत आला. आज बहुतेक चाली बाहेरून सांगितल्या जातात. घड्याळात 15 सेकंद उरले की आवाज तोडतात आणि उरलेले तेवढेच क्षण खेळाडूचे स्वतःचे. कारखान्यात काम करणाऱ्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

गंमत अशी की शिव्या खाण्याची जागा मात्र बदललेली नाही. चाल दुसऱ्याची असली तरी फसल्यावर बोट दाखविले जाते ते बहुधा चेंडू हातात असलेल्याकडे. म्हणून प्रेक्षकांचा वाद ऐकताना मी नेहमी पाहतो की ते खेळाडूला कामगार समजतात की केवळ आपल्या करमणुकीचे साधन. आणि येथे, श्रोतेहो, लोकांच्या मालकीच्या ग्रीन बेची कसोटी लागते. 1956 साली खेळाडूंची संघटना स्थापन झाली. त्या वर्षी याच ग्रीन बेच्या खेळाडूंच्या मागण्यांत एक मागणी होती ती सरावासाठी धुतलेले मोजे आणि कपडे संघाच्या खर्चाने मिळावेत, ही. गावाने त्याच वर्षी क्रीडांगणाला मोठ्या मनाने मते दिली; आणि आत खेळणाऱ्याला स्वच्छ मोज्यांसाठी तोंड उघडावे लागले!

1982 साली 57 दिवसांचा संप झाला. 1987 साली पुन्हा झाला तेव्हा मालकांनी बदली खेळाडू उतरवून तीन आठवडे सामने चालविले, आणि 24 दिवसांत संप मोडला. लोकांच्या मालकीचा संघही तेव्हा मालकांच्याच रांगेत होता. नंतर खेळाडू न्यायालयात गेले, आणि 1993 साली करार संपलेल्या खेळाडूस हव्या त्या संघात जाण्याचा हक्क मिळाला. आता नामांकित खेळाडू महानगरे सोडून या थंड गावात कशाला येईल, अशी ग्रीन बेला धास्ती होती. पण ज्या रेजी व्हाइटच्या नावाने तो दावा चालला होता, तोच मोठा खेळाडू त्याच वर्षी ग्रीन बेला आला, आणि 1996 च्या हंगामात संघ पुन्हा अजिंक्य झाला. कामगाराला हक्क मिळाला म्हणजे गाव बुडते, हे भाकीत तेथे तरी खोटे ठरले.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यावयाचे नाही. त्याचे भाग पाडावे लागतात. संघ गावात राहावा की नाही, त्यासाठी पैसा कोठून यावा, हे ठरविण्याचा हक्क लोकांचा. तो त्यांनी 1923 पासून नेकीने बजावला. आठवडाभराची तयारी आणि गड्यांची निवड हे जाणकाराचे काम. त्यात मंडळाने हात घातला त्याचे फळ 1958 साली दिसले. आणि प्रत्यक्ष घटकेला, जमीन पायाखालून सरकत असताना, ज्याचे पाय त्या जमिनीवर आहेत त्याचे ऐकले पाहिजे.

मग प्रेक्षकाने गप्प बसावे काय? मुळीच नाही. वाद घालणारा प्रेक्षक हा त्या गावाचा प्राण आहे. ज्यांनी चुकलेल्या चालींवर घसा कोरडा केला, त्यांनीच पडत्या काळात खिशात हात घातला. सामान्य माणसाला निर्णयाची चिकित्सा करण्याची सवय लागते ती अशाच वादांतून. फक्त दोन पथ्ये त्याने पाळावीत. निर्णय तोलताना, निर्णयाच्या वेळी जे ठाऊक होते त्यावरून तोलावा, निकालावरून नव्हे. स्टार त्या दिवशी घसरला असता तरी त्याची चाल विचारपूर्वकच होती. आणि फसलेल्या चालीचा जाब विचारताना ती कोणी सांगितली हे आधी विचारावे. कारखान्यात उत्पादन घटले की आपणही हाच प्रश्न आधी विचारीत जावा, एवढीच माझी विनंती.