इव्हँगेलियन: न उलगडलेल्या शेवटाची कथा #थ्रेड

१/ ४ ऑक्टोबर १९९५. टीव्ही टोकियोवर ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ ही अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली. त्याच वर्षी जपानने कोबेचा भूकंप आणि टोकियोच्या भुयारी रेल्वेतील सरिन वायुहल्ला सोसला होता.

२/ आरंभ ओळखीचा: १४ वर्षांचा शिंजी महाकाय यंत्रात बसून ‘एंजल’ नावाच्या शत्रूंशी लढतो. पुढे मात्र गुप्त संघटना, क्रॉस, प्राचीन हस्तलिखिते आणि पित्याचे गूढ मौन यांत कथानक गुंतत जाते.

३/ मार्च १९९६ मध्ये शेवटचे दोन भाग आले. युद्ध बाजूलाच राहिले. पडद्यावर उरली स्थिर चित्रे, कच्ची रेखाटने, संहितेची पाने आणि शिंजीच्या मनाची उलटतपासणी.

४/ अनेक प्रेक्षक संतापले. जुलै १९९७ मध्ये ‘द एंड ऑफ इव्हँगेलियन’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी त्यात प्रेक्षकांचे संदेश, अगदी धमक्याही, क्षणभर झळकवल्या.

५/ क्रॉसचा अर्थ शोधणाऱ्यांचीही निराशाच झाली. सहायक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी पुढे स्पष्ट केले की ती चिन्हे आकर्षक दिसतात म्हणून घेतली. त्यांत ख्रिस्ती आशय नव्हता.

६/ मग हा गुंता पोकळ होता काय? नाही. मालिकेपूर्वी आन्नो स्वतः दीर्घ नैराश्यातून गेले होते. माणसांच्या जवळ गेल्यास जखम होते, तरीही जावे का, हा शिंजीचा प्रश्न चौथ्या भागापासून उघडपणे समोर होता. प्रेक्षक चिन्हे उकलत राहिले. प्रश्न मात्र साध्या शब्दांत विचारला गेला होता.