पहिल्या दिवशी साहेब आले होते

आमच्या कारखान्यात भिंतीवर एक फळा आहे. वर ‘कायझेन’ लिहिलंय, खाली तीन रकाने : अडचण, कारण, उपाय. फळा लागला त्या दिवशी मोठे साहेब आले, नारळ फुटला, फोटो निघाले. पुढच्या आठवड्यात साहेबांचा निरोप आला, ‘तुम्ही सुरू करा.’ त्यानंतर निरोपही आला नाही. सहा महिन्यांनी फळ्यावर एकच ओळ उरली होती : ‘ट्रॉलीचं चाक अडकतं.’ ती लिहिणाऱ्या काकांना मी विचारलं, “हल्ली काही लिहीत नाही?” ते म्हणाले, “वाचणार कोण?”

मला वाटायचं, हा आपल्याकडचाच आळस. मग डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्याबद्दल वाचलं आणि कळलं, हे दुखणं बरंच जुनं आहे.

डेमिंग अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला युद्धसामग्री भराभर आणि बिनचूक हवी होती. 1942 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात वर्ग सुरू झाले, पुढे देशभर पसरले. तयार मालातले खराब नग वेचत बसण्यापेक्षा मोजमापं आलेखावर मांडायची आणि काम कुठे बिघडतंय ते आधीच ओळखायचं, हे हजारो लोक शिकले. उपयोगही झाला.

युद्ध संपलं आणि हे सगळं हळूहळू मागे पडलं. बाजारात मागणीच एवढी होती की बनेल ते खपत होतं. डेमिंग यांना मात्र आणखी एक कारण दिसलं : शिकले ते इंजिनिअर आणि तपासनीस. वरिष्ठांना यात आपलं काम काय, हे कुणी समजावलंच नव्हतं. यंत्र झिजलंय हे आलेख सांगेल. पण ते बदलायचं की नाही, हे आलेख काढणाऱ्याच्या हातात नसतं.

1950 मध्ये जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघटनेने त्यांना व्याख्यानांसाठी बोलावलं. तेव्हा ‘जपानी माल’ म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशी ख्याती होती. पुन्हा फक्त इंजिनिअरच शिकले तर अमेरिकेतलीच गत होईल, ही धास्ती डेमिंग यांना होती. संघटनेचे प्रमुख इचिरो इशिकावा उद्योगपतींच्या महासंघाचेही अध्यक्ष होते. त्यांनी बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनाच डेमिंग यांच्यासमोर आणून बसवलं. 1954 मध्ये जोसेफ जुरान आले, त्यांचाही भर व्यवस्थापकांवरच होता.

टोयोटाच्या ताइइची ओनो यांची तर तऱ्हाच वेगळी. ते खडूने जमिनीवर वर्तुळ काढायचे, माणसाला त्यात उभं करायचे आणि सांगायचे, बघत राहा. केबिनमधून न दिसणारी अडचण तासन्‌तास उभं राहिल्यावर दिसते.

24 जून 1980 ला एनबीसी वाहिनीवर ‘जपानला जमतं, तर आपल्याला का नाही?’ अशा अर्थाच्या नावाचा माहितीपट लागला. तेव्हा कुठे अमेरिकेला 79 वर्षांचे डेमिंग आठवले! फोर्डसारख्या कंपन्यांनी त्यांना बोलावलं. त्यांचं म्हणणं तेच होतं : वरिष्ठांचा नुसता पाठिंबा पुरत नाही; ही जबाबदारी दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

इथवर वाचून मी मनातल्या मनात आमच्या साहेबांना नावं ठेवत होतो. मग आठवलं, गेल्या वर्षी मी शिफ्ट इन्चार्ज झालोय. फळ्यासमोरच्या मागच्या दोन बैठका मीच चुकवल्या, ‘काम होतं’ म्हणून. आणि चाकाच्या मागणीवर सही माझीच हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर चौथा रकाना आखला : ‘निर्णय कुणाचा?’ चाकाच्या ओळीपुढे माझं नाव लिहिलं. मग काकांच्या ट्रॉलीमागे अर्धा तास चाललो. चाक एकदाच नाही, प्रत्येक फेरीत अडकत होतं.

सही करायला मला दोन मिनिटं लागली. काका सहा महिने ढकलत होते.