लेखक मीच, संपादक मीच

छापखान्यात मी खिळे जुळवायला लागलो तेव्हा गिऱ्हाइकं तीन तऱ्हेची असत: लग्नपत्रिकावाले, निवडणुकीचे हँडबिलवाले आणि ‘स्वतःचं काहीतरी’ काढणारे. पहिले दोघे पैसे आगाऊ देत, तिसऱ्यांची उधारी. तरी मालक त्यांना दारातून परत पाठवत नसत, कारण ही मंडळी प्रुफं स्वतः तपासत आणि महिन्याच्या महिन्याला हजर होत. हाताखालून त्यांचा मजकूर जाताना एकच कोडं पडायचं: घरचं खाऊन हा उद्योग माणूस का करतो?

या लोकांचा वंश जुना आहे. पुण्याच्या सरकारी हायस्कुलात मास्तर असलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. मासिक म्हटलं की दहा लेखक, त्यांचे दहा हट्ट. इथं लिहिणारा जवळजवळ एकटाच. भाषा, इतिहास, वक्तृत्व, इंग्रज ग्रंथकार, जे मनात आलं ते. डॉक्टर जॉन्सनवर त्यांनी लांबलचक लिहिलं, आणि ते साहजिकच होतं. वडील कृष्णशास्त्र्यांच्या हातून अपुरं राहिलेलं जॉन्सनच्या रासेलसचं भाषांतर मुलानंच पुरं केलं होतं. त्या जॉन्सननं लंडनमध्ये १७५० ते १७५२ या काळात ‘रँबलर’ नावाचं पत्र आठवड्यातून दोनदा काढलं. २०८ अंक, आणि चार-पाच सोडले तर सगळे त्याच्या एकट्याच्या हातचे. म्हणजे हे वेड इकडचंच आहे असं नाही.

त्याआधी गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून शतपत्रं लिहिली, पण ती ‘प्रभाकर’ या दुसऱ्याच्या साप्ताहिकात आणि ‘लोकहितवादी’ हे नाव घेऊन. दुसऱ्याच्या पत्रात जागा मिळते, मुखत्यारी मिळत नाही. चिपळूणकरांना मुखत्यारी हवी होती. रत्नागिरीला बदली झाली तरी माला चालू राहिली. १८७९ मध्ये नोकरी सोडली, पुढच्या वर्षी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, त्याच्या पुढच्या वर्षी केसरी. माला ८४ अंकांपर्यंत गेली. शेवटी शेवटी ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध आला. सरकारनं पुढं या निबंधावर बंदी घातली, ती उठायला १९३७ उजाडलं. शास्त्रीबुवा स्वतः मार्च १८८२ मध्येच गेले होते, वय एकतीस.

मुखत्यारीला दुसरी बाजूही आहे, ती मला टोचते. लोकहितवादींवर, दादोबा पांडुरंगांवर आणि विशेषतः जोतीराव फुल्यांवर मालेतून जे कोरडे ओढले गेले, ते आज वाचताना लाज वाटते. फुल्यांचं व्याकरण काढून त्यांची टर उडवणं ही विद्वत्ता नव्हे, गुर्मी होती. वर कुणी संपादक असता तर निदान एकदा कान धरला असता. पण कान धरणारा कुणी नसावा म्हणून तर माला काढलेली!

फुल्यांनीही पुढं तेच हत्यार उचललं, फक्त वेगळ्या कामासाठी. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’चे दोन अंक काढले. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावरून गदारोळ चालला होता. ताराबाई शिंद्यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलने’ला स्वतः फुल्यांच्या गोटातलीही माणसं नावं ठेवत होती. त्या दोघींची बाजू घ्यायला जोतीराव उभे राहिले. दोनच अंक निघाले, पण बोलायचं ते बोलून झालं.

आता धंद्यातली गोष्ट. मासिक फर्म्याफर्म्यानं छापतात; एक फर्मा आठ पानांचा किंवा सोळा पानांचा. आठपानी फर्म्यात मजकूर साडेसहा पानांत संपला तर उरलेलं दीड पान कोरं जाणार, कागदाचे पैसे मात्र पुरे पडणार. मोठ्या मासिकात अशा वेळी पानपूरक टाकतात, एखादं सुभाषित नाहीतर औषधाची जाहिरात. एकहाती मासिकवाल्याकडं यातलं काहीच नसतं. आमच्याकडं एक निवृत्त मास्तर यायचे. जागा उरली की स्टुलावर बसून, कागद गुडघ्यावर ठेवून तिथल्या तिथं लिहायचे: नळाला पाणी का नाही, नातीनं काय विचारलं, गावातला जुना पार कुणी पाडला. मी ओळी मोजून सांगायचो, ‘मास्तर, अजून नऊ ओळी.’ खिळे पुरेसे नसल्यानं पहिला फर्मा छापून, ते सोडवून दुसरा जुळवायचा, म्हणून घाई असायची. त्यांच्या अंकातलं सगळ्यात चांगलं लिखाण मला या उरलेल्या जागेतच सापडलं. ठरवून लिहिलेले अग्रलेख भाषण केल्यासारखे असत.

हे सगळं जोखून पाहायचं तर रघुनाथ धोंडो कर्व्यांकडं जावं लागतं. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार सोडेनात, म्हणून १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि मरेपर्यंत चालवलं. पत्नी मालतीबाईंचा आधार होता, बाकी लिहिणं-तपासणं त्यांचं त्यांनाच. ‘शारदेची पत्रे’ या नावानं बाईच्या आवाजातही तेच लिहीत. वाचक नावं झाकून जे कुणाला विचारता येत नाही ते विचारत, आणि कर्वे गणिताच्या मास्तराच्या सरळपणानं उत्तर देत. अश्लीलतेचा खटला झाला, १९३१ मध्ये शंभर रुपये दंड बसला. १९३४ मध्ये त्या उत्तरांवरूनच दुसरा खटला झाला. वकील होते डॉ. आंबेडकर. लोक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर द्यायचं नाही का, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. खटला हरले, पुन्हा दंड. मासिक चालूच.

म्हणून कोणी विचारलं की माणसं असं का लिहितात, तर मी पैसा आणि कीर्ती हे दोन्ही आधी बाजूला काढतो. कर्व्यांना पैसा मिळाला नाही, आणि मिळाली ती बहुतेक बदनामीच. मिळाली ती एक जागा, जिथं आलेल्या प्रश्नाला ‘हे छापता येणार नाही’ असं सांगणारा मध्ये कुणी नव्हता.

कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी गेले. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि समाजस्वास्थ्य बंद पडलं. पुढं चालवायचं म्हटलं तरी कुणाच्या जिवावर? लेखक, संपादक, प्रकाशक आणि प्रुफं तपासणारा असे चौघे एकाच दिवशी गेले होते.